तुमचे प्रश्न : प्रोसेसर नवा, लिनक्स अडलंय

या वेळी पत्रं बहुतेक एकाच विषयाची आलीयत. इंटेल-एएमडी सोडून वेगळ्या जातीचा, म्हणजे एआरएम किंवा रिस्क-फाइव्ह, प्रोसेसर असलेला लॅपटॉप घेतला, त्यावर लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी खुली ऑपरेटिंग सिस्टीम, टाकलं आणि कुणाची स्क्रीन काळी, कुणाचा आवाज गायब, कुणाला बॅटरीच दिसत नाहीये. सगळी पत्रं छापता येणार नाहीत, म्हणून ज्यांची अडचण एकमेकांपेक्षा वेगळी आहे अशी निवडली. पहिलं उत्तर लांब झालंय, पण ते नीट वाचलं की पुढची निम्मी उत्तरं तुमची तुम्हालाच सुचतील.

प्रश्न : ताई, मी नाशिकला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. बाबांनी स्नॅपड्रॅगन एक्स एलिट या एआरएम चिपवाला लॅपटॉप घेऊन दिला. त्यावर उबुंटू, म्हणजे लिनक्सचा एक प्रकार, टाकायला गेलो तर आधी पेनड्राइव्ह बूट मेनूत दिसतच नव्हता, मग मित्र म्हणाला की एआरएमची आयएसओ, म्हणजे इन्स्टॉल करायची फाइल, लागते, ती टाकली तर ग्रब, म्हणजे लिनक्सचा सुरुवातीचा मेनू, येतो पण पुढे इंग्रजीत तीन ओळी येऊन स्क्रीन तिथेच थिजते. फोटो पाठवतोय. लॅपटॉप गेला का? बाबांना अजून सांगितलं नाहीये.

उत्तर : लॅपटॉप ठणठणीत आहे, बाबांना बिनधास्त सांग. आणि फोटो पाठवलास ते फार बरं केलंस, कारण तुझं उत्तर त्या फोटोतच आहे. मधली ओळ बघ, 'जनरेटिंग एम्प्टी डीटीबी' असं लिहिलंय, आणि त्याखाली 'एक्झिटिंग बूट सर्व्हिसेस'. म्हणजे कर्नल, लिनक्सचा गाभा, सुरू झालं, त्याने विचारलं की या मशीनचा नकाशा कुठाय, कुणी दिला नाही, म्हणून त्याने स्वतःच एक कोरा कागद घेतला आणि पुढे निघालं. कोऱ्या कागदावर ते किती चालणार.

आता हा नकाशा काय प्रकार आहे ते सांगते. इंटेल-एएमडीच्या लॅपटॉपमध्ये बायोस ऑपरेटिंग सिस्टीमच्या हातात एक यादी ठेवतं, तिला एसीपीआय म्हणतात. कीबोर्ड कुठे, बॅटरी कुठे, पंखा कसा फिरवायचा, हे सगळं त्यात असतं, आणि गेली पंचवीस वर्षं लिनक्सवाले ती यादी वाचतायत, त्यामुळे एकच आयएसओ शंभर कंपन्यांच्या हजार मॉडेलवर चालते आणि आपल्याला वाटतं की हे असंच असतं. स्नॅपड्रॅगनच्या लॅपटॉपमध्येही एसीपीआय आहे बरं का, पण ती यादी विंडोजला समोर ठेवून लिहिलीय. कुठला भाग कधी चालू करायचा, त्याला किती व्होल्टेज, कुठलं क्लॉक (त्या भागाला ठेका देणारा सिग्नल), हे बरंचसं काम विंडोजच्या बाजूला बसलेला एक ड्रायव्हर करतो, यादीत ते नसतंच. लिनक्सकडे तो ड्रायव्हर नाही. म्हणून लिनक्सला डिव्हाइस ट्री नावाची वेगळी फाइल लागते, तीच ही डीटीबी. त्यात लिहिलेलं असतं की टचपॅड अमुक आयटूसी लाइनवर तमुक पत्त्याला आहे, त्याचा इंटरप्ट या पिनवर येतो, स्क्रीनला वीज या रेग्युलेटरमधून जाते. ही फाइल प्रत्येक मॉडेलची वेगळी. एकच चिप असलेले दोन लॅपटॉप शेजारी ठेव आणि एकाची फाइल दुसऱ्याला दे, कीबोर्ड चालेल आणि टचपॅड मेलेला असेल, कारण दुसऱ्या कंपनीने टचपॅड वेगळ्या लाइनवर जोडलाय. आणि ही फाइल कुणीतरी तो लॅपटॉप समोर घेऊन, एकेक भाग चालू करत हाताने लिहिलेली असते. हे काम करणाऱ्यांबद्दल मला फार आदर आहे, त्यातले कितीतरी जण संध्याकाळी नोकरीवरून घरी आल्यावर हे करतात.

आता तू काय करायचंस. या लॅपटॉपसाठी उबुंटूची जुनी आयएसओ घेऊ नकोस. एआरएमसाठी सर्वसाधारण डेस्कटॉप आयएसओ एप्रिल २०२५ च्या २५.०४ पासून मिळायला लागली, आणि ऑक्टोबरच्या २५.१० मध्ये कर्नलसोबत एक छोटा प्रोग्राम येतो जो मॉडेल ओळखून बरोबर नकाशा स्वतः उचलतो. तुझं मॉडेल त्यांच्या यादीत आहे का ते आधी बघ. नसेल तर जवळच्या मॉडेलची फाइल देऊन बूट होईलही, पण ते पेनड्राइव्हवरून नुसतं करून बघण्यापुरतं, इन्स्टॉल करू नकोस.

आणि त्याच्याही आधी एक काम. विंडोजमध्ये जाऊन बिटलॉकरची, म्हणजे डिस्कला लावलेल्या कुलपाची, रिकव्हरी की, ४८ आकडी असते, ती कागदावर उतरवून ठेव. नव्या विंडोजमध्ये डिस्क एन्क्रिप्शन न विचारता चालू असतं, लिनक्ससाठी तू सिक्युअर बूट, म्हणजे सही नसलेली सिस्टीम सुरू होऊ न देणारी सेटिंग, बंद केलंस की पुढच्या वेळी विंडोज ती की मागणार, आणि ती नसेल तर डिस्कवरचं सगळं गेलं. विंडोज पुसू तर अजिबात नकोस, फक्त पार्टिशन लहान कर. का ते पुढच्या पत्रात आहे.

अजून एक, ओळी भराभर येतात आणि मग अचानक काळोख होतो, असं झालं तर ती वेगळी अडचण आहे हे लक्षात ठेव. कर्नल बूटच्या शेवटी बघतं की कुठली क्लॉक चालू आहेत पण कुणीच मागितलेली नाहीत, आणि ती बंद करतं. घरात कुणी नाही असं समजून वॉचमनने मेन स्विच पाडावा आणि आत कुणीतरी अभ्यास करत बसलेलं असावं, तसं होतं ते. स्क्रीन फर्मवेअरने, म्हणजे मशीनमध्येच बसवलेल्या सॉफ्टवेअरने, लावलेली असते, लिनक्सच्या ड्रायव्हरने तिचं क्लॉक अजून ताब्यात घेतलेलं नसतं. त्यावर उपाय म्हणजे ग्रबमध्ये ई दाबायचं, 'लिनक्स' या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी जायचं आणि सीएलके इग्नोअर अनयूज्ड आणि पीडी इग्नोअर अनयूज्ड असे दोन पर्याय जोडायचे. प्रत्येकातले तीन शब्द अंडरस्कोअरने जोडून लिहायचे आणि दोन पर्यायांच्या मध्ये एक स्पेस. यात बॅटरी जास्त खर्च होते कारण काहीच बंद होत नाही, पण स्क्रीन तरी राहते, आणि स्क्रीन राहिली की पुढचं शोधता येतं.

प्रश्न : मी कोल्हापूरला शाळेत शिक्षिका आहे. भावाने माझ्या नव्या एआरएम लॅपटॉपवर लिनक्स टाकून दिलं, छान चालतंय, वायफाय पण लागतं, पण बॅटरी किती उरली ते दिसत नाही आणि आवाज अजिबात नाही. भाऊ म्हणतो दोन वेगवेगळे प्रॉब्लेम आहेत. विंडोज त्याने पूर्ण काढून टाकलंय.

उत्तर : भावाला सांगा की प्रॉब्लेम एकच आहे. हे ऐकायला विचित्र वाटेल पण या चिपमध्ये मुख्य प्रोसेसरच्या शेजारी एक छोटा वेगळा प्रोसेसर असतो, एडीएसपी म्हणतात त्याला, आणि आवाज, बॅटरीचा हिशोब, टाइप-सी पोर्टला काय जोडलंय हे बघणं, ही सगळी खाती त्याच्याकडे असतात. तो सुरू व्हायला त्याला त्याचं स्वतःचं सॉफ्टवेअर लागतं, फर्मवेअर. ते मिळालं नाही तर तो उठतच नाही, आणि तो उठला नाही की बॅटरी आणि आवाज एकदमच जातात. बाहेरचा मॉनिटर लावून बघितलात तर बहुधा तोही लागणार नाही.

खात्री करायची तर टर्मिनलमध्ये डीमेसेज (dmesg) ही कमांड चालवा आणि त्यात रिमोटप्रॉक (remoteproc) हा शब्द शोधा. 'डायरेक्ट फर्मवेअर लोड' असं म्हणून मग लांबलचक फाइलचं नाव आणि शेवटी 'फेल्ड विथ एरर -२' दिसेल. उणे दोनचा अर्थ फाइल सापडली नाही, बस एवढाच, काही तुटलेलं नाही. त्या ओळीतला फाइलचा पूर्ण रस्ता लिहून घ्या, कारण फाइल नेमकी त्याच फोल्डरमध्ये त्याच नावाने ठेवावी लागते, एक अक्षर इकडचं तिकडे चालत नाही.

आता ती फाइल आणायची कुठून. काही मॉडेलच्या कंपन्यांनी ती लिनक्सच्या फर्मवेअर संग्रहात देऊ दिलीय, तुमचं मॉडेल त्यात असेल तर फर्मवेअरचं पॅकेज अपडेट केल्यावर प्रश्न मिटेल, आधी तेच करा. नसेल तर ती विंडोजच्या पार्टिशनमधून काढावी लागते, उबुंटूमध्ये त्यासाठी तयार स्क्रिप्ट आहे, ती विंडोजचं पार्टिशन शोधते आणि हव्या त्या फाइली उचलून जागेवर ठेवते. पण तुमच्याकडे पार्टिशनच राहिलं नाहीये. दुसऱ्या कुणाच्या लॅपटॉपमधली फाइल चालेल का, तर बहुतेकदा नाही, कारण या फाइलींवर त्या त्या कंपनीची सही असते आणि चिप ती तपासते, सही जुळली नाही तर घेत नाही. नेमकं तेच मॉडेल कुणाकडे असेल तर चालेल. नाहीतर तुमच्या लॅपटॉप कंपनीच्या साइटवर मॉडेल नंबर टाकून विंडोजचे ड्रायव्हर पॅकेज किंवा रिकव्हरी इमेज उतरवा आणि त्यातून फाइली बाहेर काढा. वेळ लागेल, एक रविवार धरा. फाइली ठेवल्यावर इनिटरॅमएफएस, म्हणजे बूट होताना सगळ्यात आधी वाचलं जाणारं फाइलींचं गाठोडं, पुन्हा बनवायला विसरू नका, मी स्वतः एकदा ते विसरून तीन दिवस फाइल चुकीची आहे असं समजून शोधत बसले होते.

आवाज सुरू झाला की एक काळजी घ्या, लगेच फुल व्हॉल्यूम करून बघू नका. या लॅपटॉपच्या बारक्या स्पीकरना जास्त करंट गेला तर ते तापून कायमचे जाऊ शकतात, विंडोजमध्ये त्यावर लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर असतं, लिनक्समध्ये ते सगळीकडे नसतं. म्हणून लिनक्सवाले काही मॉडेलना मुद्दाम आवाजाची मर्यादा घालून ठेवतात. आवाज विंडोजपेक्षा कमी वाटला तर ती मर्यादा काढायचा उपाय सांगणारे बरेच भेटतील, त्यांचं ऐकू नका. वर्गात लावायला बाहेरचा स्पीकर घ्या.

प्रश्न : मी मडगावचा, निवृत्त आहे. मुलाने परदेशातून त्याचा जुना पाइनबुक प्रो लॅपटॉप पाठवला. मुलाकडे वायफाय चालत होतं म्हणे, माझ्याकडे नेटवर्कच्या यादीत वायफाय हा पर्यायच नाही. हेडफोनमधून पण काही ऐकू येत नाही. तीनदा इन्स्टॉल करून झालं.

उत्तर : चौथ्यांदा करू नका काका, यात सॉफ्टवेअरचा काही संबंध नाही. पाइनबुक प्रोमध्ये माइक, वायफाय आणि कॅमेरा तोडायचे स्विच कीबोर्डमध्येच दिलेत, एफ-१०, एफ-११ आणि एफ-१२. वायफायचा एफ-११. प्रवासात किंवा पुसताना कुठेतरी तो दाबला गेला असणार. एफ-११ तीन सेकंद धरून ठेवा आणि कीबोर्डवरचे दिवे बघा, ते लुकलुकतात, दोनदा म्हणजे चालू आणि तीनदा म्हणजे बंद. चालू केल्यावर मशीन रीस्टार्ट करा, नुसतं चालू करून वायफाय लगेच यादीत येत नाही. हा स्विच वीज गेली तरी लक्षात राहतो, म्हणूनच तीनदा इन्स्टॉल करून फरक पडला नाही.

हेडफोनचंही तसंच. त्या हेडफोनच्या भोकाला दोन कामं आहेत, एक आवाज आणि दुसरं म्हणजे दुरुस्ती करणाऱ्यांसाठी सिरियल कन्सोल, आणि कुठलं काम चालू ठेवायचं त्याचा बारीक स्विच आत बोर्डवर आहे. मुलाला विचारा, त्याने कधी कन्सोलसाठी तो फिरवला होता का. खालचं झाकण दहा स्क्रूंचं आहे, घाईने ओढू नका, आणि मॉडेलचं चित्र समोर ठेवूनच स्विच हलवा.

प्रश्न : पुण्यात एमएस्सी करते. आमच्या ग्रुपने मिळून रिस्क-फाइव्हचा लॅपटॉप घेतला, आठ कोरचा स्पेसमिट के-वन. उबुंटू २४.०४ सोबत आलं होतं. एका सीनियरने नव्या उबुंटूची काही पॅकेजेस त्यात टाकली आणि आता अर्ध्या कमांड 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन' म्हणून बंद पडतात. चिपच डिफेक्टिव्ह आहे असं सीनियर म्हणतोय.

उत्तर : चिप बरोबर आहे, पॅकेजेस तिच्यासाठी नाहीत. रिस्क-फाइव्हची गंमत अशी की ती एक चिप नाहीच, ती एक खुली भाषा आहे, आणि त्या भाषेतली कुठली कुठली प्रकरणं आपल्या चिपमध्ये घ्यायची ते बनवणारा ठरवतो. गुणाकार-भागाकाराचं एक अक्षर, अपूर्णांकांचं एक, व्हेक्टरचं व्ही. मग सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी कुठलं प्रकरण गृहीत धरायचं, यावर गोंधळ नको म्हणून प्रोफाइल ठरवली गेली. ऑक्टोबर २०२४ मध्ये आरव्हीए-२३ हे प्रोफाइल मंजूर झालं, त्यात व्हेक्टर (एकाच सूचनेत अनेक आकड्यांचं गणित) आणि हायपरवायझर (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे मशीनच्या आत दुसरं मशीन, चालवायची सोय) दोन्ही सक्तीचे आहेत. उबुंटूने २५.१० पासून रिस्क-फाइव्हसाठी हेच किमान धरलं. तुमच्या के-वनमध्ये व्हेक्टर आहे, पण ती चिप एक पिढी आधीच्या प्रोफाइलची, आरव्हीए-२२ वाली, आरव्हीए-२३ मधलं बाकी सगळं तिच्यात नाही. त्यामुळे नव्या पॅकेजमधली एखादी सूचना चिपच्या समोर आली की ती म्हणते हा शब्द मला माहीत नाही, आणि कर्नल तो प्रोग्राम मारून टाकतं. 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन' म्हणजे एवढंच.

स्वतः बघायचं असेल तर प्रॉक फोल्डरमधली सीपीयूइन्फो फाइल उघड, त्यात आयएसए नावाची ओळ आहे, आरव्ही६४ पासून सुरू होणारी अक्षरांची मोठी माळ. तुझी चिप काय काय बोलते ते सगळं त्या माळेत आहे. सीनियरला पण ती दाखव, मला वाटतं त्यालाही आवडेल.

उपाय म्हणजे मिसळलेली पॅकेजेस मागे घेत बसू नका, डेटा काढा आणि २४.०४ पुन्हा कोरं टाका, ते एलटीएस, म्हणजे बरीच वर्षं अपडेट मिळणारं, आहे, तुमच्या कोर्सभर सहज पुरेल. डेबियन १३, म्हणजे लिनक्सचा आणखी एक प्रकार, हा दुसरा रस्ता आहे, ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या या आवृत्तीत रिस्क-फाइव्हला पहिल्यांदा अधिकृत जागा मिळाली आणि त्यांनी किमान अट जुनीच ठेवलीय. पण तुमच्या लॅपटॉपच्या ग्राफिक्सचा ड्रायव्हर कंपनीने बनवलेल्या कर्नलसोबतच नीट चालतो, डेबियनचं साधं कर्नल टाकलंत तर खिडक्या सरकवताना सगळा भार प्रोसेसरवर येईल. प्रोग्रामिंग शिकायला घेतलाय तर चालेल, रोज व्हिडिओ बघायला घेतला असेल तर त्रास होईल.

आणि हे काम सोडू नका गं. आपल्याकडे एप्रिल २०२२ मध्ये सरकारने डीर-व्ही नावाचा कार्यक्रम सुरू केला, आयआयटी मद्रासचा शक्ती आणि सी-डॅकचा वेगा हे दोन्ही प्रोसेसर याच रिस्क-फाइव्ह भाषेत बोलतात, आणि सी-डॅकचं मुख्यालय तुमच्याच गावात आहे. आयएसएची ती माळ वाचता येणारी मुलं लागणार आहेत.

प्रश्न : आमचं इचलकरंजीत झेरॉक्स आणि फॉर्म भरायचं दुकान आहे. नवीन एआरएम मिनी लॅपटॉपवर लिनक्स घेतलं, वीज कमी खातो म्हणून. सगळं चालतं पण काउंटरवरचा जुना लेझर प्रिंटर चालत नाही. कंपनीच्या साइटवरून लिनक्सचा ड्रायव्हर टाकला, इन्स्टॉल झाला असं म्हणतो, पण प्रिंट दिली की 'फिल्टर फेल्ड'. गिऱ्हाईक समोर उभं असतं हो.

उत्तर : लिनक्सचा ड्रायव्हर आहे हे खरं, पण तो इंटेलच्या लिनक्सचा आहे. तुम्ही पाठवलेल्या लॉगमध्ये खाली 'एक्झेक फॉरमॅट एरर' अशी ओळ आहे, बाकीचं सगळं सोडा आणि तेवढं वाचा. प्रिंटरला पाठवायची भाषा तयार करणारा जो छोटा प्रोग्राम आहे तो कंपनीने तयार बायनरी म्हणून दिलाय, बत्तीस बिट इंटेलसाठी, त्याचा सोर्स कोड दिलेला नाही. म्हणून तो एआरएमसाठी पुन्हा बनवता येत नाही. ही ओळ तुम्हाला कुठेही दिसली, स्कॅनर असो, अंगठ्याचं बायोमेट्रिक असो, डिजिटल सहीचा टोकन असो, तर समजा की दुसऱ्या जातीच्या प्रोसेसरचा प्रोग्राम आहे. फाइल नावाची कमांड आहे, तिला त्या प्रोग्रामचं नाव द्या, ती सांगते तो कुठल्या प्रोसेसरचा आहे. तुमच्या धंद्यात हे फार महत्त्वाचं आहे, उद्या कुणी नवीन यंत्र विकायला आलं आणि 'लिनक्सवर चालतं' म्हणालं तर लगेच विचारा, एआरएमवर चालतं का.

तुमच्यासाठी सगळ्यात सोपा उपाय दुकानातच आहे. पत्रात तुम्ही लिहिलंय की जुना डेस्कटॉप अजून कोपऱ्यात पडून आहे. त्यावर साधं डेबियन टाका, स्क्रीनसुद्धा नको, प्रिंटर त्याला जोडा, ड्रायव्हर तिथे टाका आणि कप्समध्ये, म्हणजे लिनक्सच्या छपाईच्या व्यवस्थेत, प्रिंटर शेअर करा. नव्या लॅपटॉपला तो नेटवर्कवरचा प्रिंटर म्हणून आपोआप दिसेल, त्याला ड्रायव्हर लागतच नाही, कारण भाषांतर जुना डेस्कटॉप करतो. दुसरा मार्ग म्हणजे काही जुन्या लेझर प्रिंटरसाठी लोकांनी प्रिंटरची भाषा उलगडून खुले ड्रायव्हर लिहिलेत, ते एआरएमवर बनवता येतात, पण त्यात मध्येच पान अडकलं तर पुढचं काम थांबून राहतं वगैरे कुरबुरी आहेत. परीक्षेच्या फॉर्मच्या शेवटच्या दिवशी तुम्हाला ते परवडणार नाही. डेस्कटॉपच लावा.

प्रश्न : बेंगळुरूला नोकरी करतो, मूळ साताऱ्याचा. एक्स एलिटवर लिनक्स उत्तम बसलंय, फक्त दोन गोष्टी. झाकण बंद करून रात्री ठेवला तर सकाळी बॅटरी बरीच उतरलेली असते, आणि व्हर्च्युअल मशीन भयंकर हळू, ती वेगाने चालवणारी लिनक्सची केव्हीएम ही सोय उपलब्ध नाही म्हणतं.

उत्तर : झोपेचं आधी. झाकण बंद केल्यावर चिपमधला प्रत्येक भाग खोल झोपायला हवा, एक जरी भाग जागा राहिला तर बाकीच्यांनाही पूर्ण झोपता येत नाही, आणि लिनक्समध्ये ते सगळे भाग अजून नीट झोपवले जात नाहीत. पहिल्या उत्तरातले ते दोन इग्नोअरवाले पर्याय बूट ओळीत राहिले असतील तर काढून बघा, नव्या कर्नलवर त्यांच्याशिवाय चालत असेल तर फरक पडेल. बाकी रात्री सरळ शटडाऊन करा. हे फक्त तुमच्याच बाबतीत नाहीये, टक्सेडो ही जर्मन कंपनी खास लिनक्ससाठी याच चिपचा लॅपटॉप बनवत होती, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्यांनी ते काम थांबवलं, आणि दिलेल्या कारणांत लिनक्सवर अपेक्षेएवढी न टिकणारी बॅटरी आणि केव्हीएम ही दोन्ही होती.

केव्हीएमचं कारण असं की एआरएममध्ये अधिकाराच्या पायऱ्या असतात, व्हर्च्युअल मशीन वेगाने चालवायला ईएल-टू ही पायरी लागते, आणि या लॅपटॉपमध्ये तिथे क्वालकॉमचा स्वतःचा गुन्या नावाचा हायपरवायझर आधीच बसलेला असतो. लिनक्स सुरू होतं ते खालच्या पायरीवर. विंडोजला वर चढायची एक वाट ठेवलीय, आणि त्याच वाटेने लिनक्सला वर नेणारं एसएलबाउन्स नावाचं टूल आहे. पण त्यासाठी डिव्हाइस ट्री पण वेगळी लागते आणि मायक्रोसॉफ्टची सही असलेली एक फाइल विंडोजमधून घ्यावी लागते. तुमचं कामाचं मशीन असेल तर मी ते करू नका म्हणेन. कंटेनरना, म्हणजे वेगळं मशीन न उभारता प्रोग्राम बंद डब्यात चालवण्याला, केव्हीएम लागत नाही, डॉकर, पॉडमन जसेच्या तसे चालतील, फक्त इमेज एआरएम६४ची घ्या.

प्रश्न : सॅन होजेहून लिहितेय. एम-टू मॅकबुकवर 'फेडोरा असाही रीमिक्स' हे अॅपलच्या चिपसाठीचं लिनक्स टाकलंय. एक जुनं टूल उघडलं की लगेच बंद होतं, 'अनसपोर्टेड सिस्टीम पेज साइझ' एवढंच म्हणतं. मॅकओएस आता काढून टाकू का, जागा कमी पडतेय.

उत्तर : मॅकओएस राहू द्या, लहान करा पण ठेवा, मशीनच्या फर्मवेअरचे अपडेट त्यातूनच येतात, आणि बूटची घडी विस्कटली तर त्याशिवाय दुसरा मॅक शोधत फिरावं लागतं. टूलचं म्हणाल तर अॅपलच्या चिपवर असाही मेमरीची पानं १६ केबीची वापरतं, आपल्याकडचं जवळपास सगळं जुनं सॉफ्टवेअर ४ केबी गृहीत धरून बनलंय. गेटकॉन्फ कमांडने पेजसाइझ विचारलंत तर १६३८४ दिसेल. त्या टूलची नवी आवृत्ती आलीय का बघा, खूप जणांनी हे आता दुरुस्त केलंय. नसेल आली तर बनवणाऱ्याला कळवा, ती एररची ओळ आणि हा आकडा, दोन्ही द्या, बऱ्याचदा ती एका सेटिंगची दुरुस्ती असते. तोवर असाहीसोबत येणाऱ्या एमयूव्हीएम या छोट्या व्हर्च्युअल मशीनमध्ये ४ केबीचं कर्नल असतं, त्यात चालवून बघता येईल.

प्रश्न : सावंतवाडी. वडिलांच्या वह्या टाइप करतेय, सगळ्या मालवणी आणि मराठी. एआरएमचा लॅपटॉप घेतला तर मराठी टायपिंग चालेल ना? दुकानदार म्हणाला नवीन प्रोसेसरवर मराठी फॉन्ट बसत नाहीत.

उत्तर : चालेल, काही शंका ठेवू नका. फॉन्टला प्रोसेसर कुठला आहे ते कळतही नाही, आणि टायपिंगचं सॉफ्टवेअर सगळं खुलं आहे त्यामुळे ते एआरएमसाठी कधीच बनवून तयार आहे. आयबस एम१७एन पॅकेज टाका, सेटिंगमध्ये मराठी इनस्क्रिप्ट निवडा, इनस्क्रिप्ट येत नसेल तर फोनेटिक निवडा. मालवणीला वेगळं काही लागत नाही. इनस्क्रिप्टमध्ये र 'जे' या कळीवर आहे, आणि शिफ्ट धरून 'जे' दाबलं की तऱ्हा, सुऱ्या यांमधला अर्धा र काढायला लागतो तो ऱ येतो. ल एनवर आहे, शिफ्ट धरून एन दाबलं की ळ.